हृदयाची दुरुस्ती आणि सेंट्रिंगच्या फळ्या

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



सर्वप्रथम आपल्या सोसायटीला २५ वर्षं पूर्ण झाल्याबद्दल सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. पूर्णेसारख्या रेल्वेच्या गावात बदलीवर आलेली, निवृत्त झालेली, आजूबाजूच्या खेड्यांतून लेकरांच्या शिक्षणासाठी आलेली माणसं एकत्र आली आणि त्यांनी ही इमारत उभी केली. ही गोष्ट साधी नाही.

सचिवसाहेबांनी मला विषय दिला होता, ‘ज्येष्ठांसाठी बचतीचं नियोजन’. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसरा काय विषय देणार? मी त्यांना म्हटलं, बोलतो, पण एका मोडलेल्या एफडीपासून सुरुवात करतो आणि तिथून हृदयाकडे जातो. ते जरा गोंधळले, पण हो म्हणाले. मी डॉक्टर नाही, बी. कॉम. झालेला माणूस आहे. जे सांगणार आहे ते वाचून, नांदेडच्या माझ्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून आणि पुण्याच्या लेकीकडून इंग्रजी लेख समजून घेऊन गोळा केलेलं आहे.

आता गोष्ट. जुने सभासद ओळखतील मी कोणाविषयी बोलतोय. नाव घेत नाही. सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणायचे, मीही तेच म्हणतो. भाषणात हे सांगू का, म्हणून वहिनींना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, “सांगा भाऊजी, पण त्यांना भोळं म्हणू नका.” मी म्हणणार नाही, कारण ते भोळे नव्हतेच.

ड्रायव्हरसाहेब रेल्वेत ड्रायव्हर होते. मीटरगेजचा काळ त्यांनी इंजिनावर काढला. २००० साली आपला पहिला स्लॅब पडला तेव्हा ड्यूटीवरून आले की घरी न जाता ते आधी इथे यायचे आणि कॉलमला पाणी मारायचे. स्लॅब टाकून बारा दिवस झाले असतील, ठेकेदाराची माणसं सेंट्रिंग काढायला आली. त्यांना फळ्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या होत्या. ड्रायव्हरसाहेब रात्रपाळी करून आलेले. त्यांनी खुर्ची मागवली आणि त्याच स्लॅबखाली जाऊन बसले. म्हणाले, “काढा की. पण आधी मला इथून उठवा. ओला काँक्रीट म्हणजे चिखल हाय बाबा, फळ्यांनी धरलाय म्हणून वर हाय. त्याच्या अंगात जीव येऊ द्या, मग काढा.” सेंट्रिंग आणखी नऊ दिवस राहिलं. आज आपण त्याच स्लॅबखाली बसलो आहोत.

२००७ मध्ये त्यांना हार्ट अटॅक आला. रात्री छातीत जळजळायला लागलं. पित्त झालं म्हणून सोडा घेतला, वहिनींनी पाठ चोळली, आणि सकाळी उजाडल्यावर नांदेडला नेलं. जीव वाचला, पण हृदयाचा बराच भाग गेला. तपासणीत एक आकडा आला, २८ टक्के. त्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्याला त्यात भरलेल्या रक्तापैकी किती रक्त बाहेर ढकलतो, त्याचा हा हिशेब. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ६५ असतो. ड्रायव्हरसाहेबांना दोन जिने चढले की टेकावं लागायचं.

२००९ मध्ये ते माझ्या बँकेत आले. माझी शेवटची पोस्टिंग पूर्णेतच होती. हातात तीन एफडीच्या पावत्या आणि एक रंगीत पत्रक. एका मोठ्या शहरातल्या केंद्राचं ते पत्रक होतं. ‘स्टेम सेलने हृदय नव्याने तयार होते’ असं त्यात छापलेलं. कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि नळीतून हृदयात सोडायच्या. खर्च साडेचार लाख. निवृत्तीचे पैसे होते ते. मी विचारलं, मुदतीआधी मोडताय, व्याज कमी मिळेल, चालेल ना? ते म्हणाले, “साहेब, मुदत माझीच संपत आली, एफडीची काय घेऊन बसलात?” दोघंही हसलो. पावतीच्या मागे रेव्हेन्यू स्टॅम्पवर त्यांनी सही केली. पेमेंट पास केल्याची सही माझी आहे.

कर्ज मागायला कोणी आलं असतं तर मी सात-बारा मागितला असता, जामीनदार मागितला असता, दहा प्रश्न विचारले असते. या पत्रकाबद्दल मी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांचे पैसे, त्यांचा जीव, आपण कोण विचारणारे, असं मला वाटलं. नियमाने ते बरोबरच होतं. पण मी नुसता मॅनेजर नव्हतो, शेजारीही होतो.

उपचार झाला. परत आल्यावर दोन महिने ते खुशीत होते. ‘आता नवं इंजिन बसवलंय’ म्हणायचे. आणि वहिनींना न सांगता त्यांनी निम्म्या गोळ्या बंद केल्या. नवं हृदय तयार होतंय तर जुन्याची औषधं कशाला, असा त्यांचा हिशेब. आठ महिन्यांनी ते गेले. त्या उपचाराने गेले असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण साडेचार लाख गेले आणि गोळ्या सुटल्या, हे दोन्ही मी पाहिलं आहे.

पुढे २०१६ मध्ये मलाच अटॅक आला. तेव्हापासून मी हा विषय धरून बसलो. मला एकच समजून घ्यायचं होतं. त्या पत्रकात खोटं काय होतं आणि खरं काय होतं? कारण पूर्ण खोट्यावर ड्रायव्हरसाहेबांसारखा माणूस विश्वास ठेवत नाही.

आधी हृदयाचं बघू. कातडीला जखम झाली तर भरते, हाड मोडलं तर सांधतं. हृदयाचं तसं नाही. डाव्या कप्प्यात आकुंचन पावणाऱ्या स्नायूपेशी २ ते ४ अब्ज असतात. मोठ्या अटॅकमध्ये त्यातल्या १ अब्जापर्यंत, म्हणजे शंभर कोटी, काही तासांत मरतात. त्यांच्या जागी व्रण तयार होतो. व्रण भोक पडू देत नाही, पण तो आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवर सगळा भार येतो आणि तो हळूहळू थकत जातो.

मग हृदयात नव्या पेशी तयारच होत नाहीत का? होतात, पण किती, ते ऐका. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये, म्हणजे ड्रायव्हरसाहेबांनी एफडी मोडली त्याच वर्षी, हे मोजून दाखवलं. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ चा माग काढून त्यांनी पेशींचं वय काढलं. पंचविसाव्या वर्षी हृदयाच्या स्नायूपेशी वर्षाला सुमारे १ टक्का बदलतात. पंचाहत्तराव्या वर्षी तो दर ०.४५ टक्क्यावर येतो. आपल्या जुन्या पासबुकावरच्या बचत खात्यालासुद्धा यापेक्षा जास्त व्याज होतं! ज्याची शंभर कोटींची मुद्दल एका रात्रीत गेली, त्याची भरपाई या दराने होत नाही.

म्हणून बाहेरून पेशी आणून द्याव्यात, ही कल्पना निघाली. स्टेम सेल, मराठीत मूलपेशी. यांचं काम अजून ठरलेलं नसतं. योग्य परिस्थितीत त्या रक्ताच्या, हाडाच्या किंवा स्नायूच्या पेशी होऊ शकतात. रक्ताच्या काही आजारांत अस्थिमज्जेतल्या मूलपेशी देतात, तो उपचार खरा आहे आणि अनेक वर्षांपासून मान्य आहे. तेव्हा ‘मूलपेशींनी माणसं बरी होतात’ हे पत्रकातलं वाक्य खोटं नव्हतं. ते रक्ताला लागू होतं. हृदयाच्या नावावर ते तसंच्या तसं वर्ग केलेलं होतं.

हृदयाबाबतची गोष्ट २००१ मध्ये गाजली. अमेरिकेतल्या पिएरो अँव्हर्सा यांच्या गटाने जाहीर केलं की अस्थिमज्जेच्या पेशी उंदराच्या हृदयात सोडल्या तर नवा स्नायू तयार होतो. जगभर उत्साह आला. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्येही २००३ पासून हृदयरुग्णांना त्यांच्याच मज्जेतल्या पेशी देऊन पाहण्याचे प्रयोग झाले. अशा प्रयोगांत वावगं काही नाही, प्रयोग करूनच कळतं. पण २००४ मध्येच अमेरिकेतल्या दुसऱ्या दोन गटांनी तपासून सांगितलं की मज्जेच्या या पेशींपासून हृदयाचा स्नायू होत नाही. पुढे अँव्हर्सांच्या कामाची चौकशी झाली आणि २०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठ व त्यांच्या रुग्णालयाने त्यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं कळवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर ऑडिट झालं आणि एकतीस व्हाउचरं नामंजूर झाली. मधल्या सतरा वर्षांत त्या हिशेबावर किती जणांनी एफडी मोडल्या असतील?

आता दुसरी अडचण, आणि आजचा खरा विषय इथून सुरू होतो. समजा पेशी अगदी योग्य आहेत. त्या नुसत्या सुईने किंवा नळीने हृदयात सोडल्या तर काय होतं? हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आवळतं. प्रत्येक ठोक्याला पेशी पिळून बाहेर निघतात, रक्ताबरोबर फुप्फुसात, यकृतात वाहून जातात. ज्या राहतात त्यांना धरायला काही नसतं. शिवाय जिथे सोडल्या ती जागा म्हणजे सुजलेला, रक्तपुरवठा तुटलेला भाग. बहुतेक पेशी पहिल्या काही तासांत-दिवसांतच संपतात.

हे वाचलं तेव्हा मला स्लॅबखाली खुर्ची टाकून बसलेले ड्रायव्हरसाहेब आठवले. ओला काँक्रीट म्हणजे चिखल, फळ्यांनी धरलाय म्हणून वर आहे. पेशींचंही तेच. त्यांना धरणारं, आकार देणारं काहीतरी हवं. स्लॅबच्या बाबतीत ही गोष्ट ज्या माणसाने ठेकेदाराला शिकवली, त्याच्याच हृदयात सेंट्रिंग न लावता काँक्रीट ओतलं गेलं. ते भोळे नव्हते. त्यांना कुणी फळ्यांबद्दल सांगितलंच नव्हतं.

या फळ्यांना शास्त्रज्ञ स्कॅफोल्ड म्हणतात. स्पंजासारखा सच्छिद्र, मऊ पदार्थ. त्याच्या छिद्रांत पेशी बसतात, एकमेकींना धरतात, त्यांना अन्नपाणी पोचतं. पेशींनी स्वतःची वीण विणली की हा पदार्थ शरीरात हळूहळू विरघळून जावा, अशी अपेक्षा असते. सेंट्रिंग काढायला पुन्हा माणूस पाठवावा लागत नाही. मात्र अटी कडक आहेत. फार कडक असला तर हृदयाबरोबर आवळणार नाही. फार लवकर विरघळला तर पेशी उघड्या पडतील. शरीराने परका म्हणून हल्ला करता कामा नये. आणि विजेचा संदेश पलीकडे गेला पाहिजे, नाहीतर तेवढा तुकडा आपल्याच तालात धडधडेल आणि ठोके बिघडवेल.

निसर्गाने आपल्या प्रत्येक अवयवात असा सांगाडा घातलेलाच आहे. २००८ मध्ये अमेरिकेत डोरिस टेलर यांच्या गटाने उंदराचं हृदय साबणासारख्या द्रावणाने आतून धुऊन काढलं. सगळ्या पेशी गेल्या, मागे पांढरट, पारदर्शक सांगाडा राहिला. कप्पे, झडपा, नळ्या सगळं जागच्या जागी, फक्त राहणारं कोणी नाही. त्यात नव्या पेशी भरल्या आणि आठवडाभरात तो सांगाडा क्षीणपणे धडधडू लागला. किती क्षीण? मोठ्या उंदराच्या हृदयाच्या साधारण २ टक्के. तरी ती धडधड खरी होती.

माणसापर्यंत हे कधी आलं? पॅरिसचे हृदयशल्यविशारद फिलिप मेनाशे यांनी २०१४ मध्ये ६८ वर्षांच्या एका महिलेच्या हृदयावर पेशींचं ठिगळ बसवलं. त्याचा पाया होता फायब्रिन. आपल्याला खरचटल्यावर रक्त गोठतं ना, ते ज्या धाग्यांनी गोठतं तोच पदार्थ. त्या जाळीत पेशी रुजवल्या आणि बायपास करतानाच ते ठिगळ लावलं. असे सहा रुग्ण झाले. प्रश्न एवढाच होता, की हे सुरक्षितपणे करता येतं का. गाठी झाल्या नाहीत, ठोके बिघडले नाहीत. हृदय बरं झालं असा दावा त्यांनी केला नाही. हा फरक लक्षात घ्या. खरा संशोधक एका वेळी एकच पायरी चढतो आणि तेवढीच चढलो म्हणून सांगतो.

पुढची पायरी जर्मनीची. २०२१ मध्ये तिथे ४६ वर्षांच्या एका महिलेच्या हृदयावर ४० कोटी पेशींचं ठिगळ लावलं. या पेशी वेगळ्या होत्या. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये साध्या पेशीला पुन्हा मूलपेशी करण्याची युक्ती शोधली, त्याबद्दल त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं. त्या मार्गाने तयार केलेल्या हृदयपेशी कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या जेलमध्ये वाढवलेल्या होत्या. तीन महिन्यांनी त्या बाईंना दुसरं हृदय मिळालं, प्रत्यारोपण झालं. काढलेलं जुनं हृदय तपासता आलं, आणि ठिगळातल्या पेशी जिवंत होत्या, रक्तवाहिन्या तिथे पोचल्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सेंट्रिंगवर टाकलेला काँक्रीट तीन महिने टिकला, एवढं दिसलं. त्यावर मजला चढतो का, ते अजून बघायचं आहे.

उलट बाजूही सांगतो. जपानने २०१५ मध्ये मांडीच्या स्नायूपेशींपासून केलेल्या एका चादरीला तात्पुरती, अटींवर परवानगी दिली. पुढे फायदा दाखवा, मग कायम करू, अशी अट. फायदा पुरेसा सिद्ध झाला नाही, म्हणून २०२४ मध्ये कायम परवानगी नाकारली गेली. मोठ्या नावाची कंपनी होती, पण नियम तो नियम. मला बँकेतला माणूस म्हणून हे फार आवडलं.

तुम्ही म्हणाल, पॅरिस, जर्मनी, जपान, आपलं काय? आपलंही आहे. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने डुकराच्या पित्ताशयातून पेशी काढून टाकून उरलेल्या सांगाड्याचं आवरण तयार केलं. जखमांवर लावण्याच्या त्या उत्पादनाला २०२३ मध्ये आपल्या देशात मान्यता मिळाली. ते कातडीसाठी आहे, हृदयासाठी नाही. पण भारतीय फळ्या मान्य झाल्या, हे खरं.

आणि आता रेशीम. आपल्या भागात काही शेतकरी तुती लावून शेडमध्ये रेशमाच्या अळ्या पाळतात, परभणीच्या कृषी विद्यापीठात त्यावर काम चालतं. रेशमाचा धागा डॉक्टर टाके घालायला पूर्वीपासून वापरतात, शरीर तो बऱ्यापैकी सहन करतं. कोषातला चिकटपणा धुऊन काढला की फायब्रॉइन हे प्रथिन उरतं आणि त्याचा स्पंज करता येतो. आयआयटी खरगपूर आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी मिळून २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात असा स्पंज हृदयपेशींसाठी वापरला. आपलं तुतीचं रेशीम आणि टसर अशी तुलना केली. टसर म्हणजे गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर होतं ते. उंदराच्या हृदयपेशी टसरवर जास्त चांगल्या चिकटल्या. पेशीला धरायला लागणारी एक खूण टसरच्या प्रथिनातच असते, तुतीच्या रेशमात ती नसते. आपल्या आजीच्या टसरच्या साडीत हे गुपित होतं, कोणाला माहीत? अर्थात हे प्रयोगशाळेतलं काम आहे, माणसावरचा उपचार नाही, हे पुन्हा सांगतो.

त्या कामातले पहिले लेखक चिन्मय पात्रा आता पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आहेत. तिथे ते झेब्राफिश नावाच्या बोटाएवढ्या पट्टेरी माशावर काम करतात. या माशाच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापला तरी दोन महिन्यांत तो पुन्हा भरून येतो, असं २००२ मध्येच दिसलं होतं. माशाला जमतं ते आपल्याला का नाही? त्यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की जखम झाल्यावर माशाच्या हृदयात सीसीएन२ए नावाचं एक प्रथिन तयार होतं. ते पेशींच्या मधल्या जागेत, म्हणजे त्या फळ्यांमध्येच, काम करतं. ते नसलं की दुरुस्ती अडते. म्हणजे फळ्या नुसत्या धरून ठेवत नाहीत, पेशींना काय करायचं ते सांगतातही. हे शोधणारी संस्था आपल्या पुण्यात आहे, १९४६ पासून आहे. आपल्या लेकरांपैकी कोणी उद्या तिथे गेलं तर मला आनंदच होईल.

आता मूळ नियोजनाच्या विषयावर येतो, नाहीतर सचिवसाहेब रागावतील.

२००९ मध्ये मी काय विचारायला हवं होतं? हे मी बऱ्याच रात्री घोळवलं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि जैवतंत्रज्ञान विभागाची मूलपेशींबाबतची मार्गदर्शक तत्त्वं २००७ मध्येच निघाली होती. म्हणजे ती पावती माझ्या टेबलावर आली त्याच्या दोन वर्षं आधी. २०१७ च्या सुधारित तत्त्वांत तर स्वच्छ लिहिलं आहे, की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं संशोधन आहे, आणि ते फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करायचं. कागद होता, मी वाचला नव्हता.

म्हणून चार प्रश्न लिहून ठेवले आहेत. लिहून घ्या. पहिला, ही चाचणी आहे की उपचार? चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला तिचा नंबर द्या. २००९ पासून ही नोंद बंधनकारक आहे आणि इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येते. दुसरा, पैसे कशाचे? संशोधनात भाग घेणाऱ्याकडून त्या प्रयोगाचे लाखो रुपये घ्यायचे नसतात. जो मागतो, त्याच्यापासून दूर राहा. तिसरा, माझा नेहमीचा हृदयरोगतज्ज्ञ यावर काय म्हणतो? ते केंद्र त्याच्याशी बोलायला तयार आहे का? आणि चौथा, माझ्या चालू गोळ्यांचं काय? कोणीही, कितीही मोठा असो, नेहमीच्या डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायला सांगत असेल तर उठून चालू पडायचं. आपणहून बंद करायचा तर प्रश्नच नाही.

माझा स्वतःचा आकडा अटॅकनंतर ३६ होता. आज ४२ आहे. नवं काही बसवलेलं नाही. रोजच्या गोळ्या, कमी मीठ, पूर्णा स्टेशनपर्यंत सकाळची फेरी, आणि सौभाग्यवतींची नजर.

आणि सर्वांत महत्त्वाचं. शंभर कोटी पेशी परत आणायला जगातले सगळे शास्त्रज्ञ वीस-पंचवीस वर्षं झगडत आहेत. त्या मरू न देणं मात्र काही प्रमाणात आपल्या हातात आहे. छातीवर दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम, असं काही झालं तर पित्त म्हणून सोडा घेऊन उजाडायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. मोटारसायकलवर मागे बसून जाऊ नका. रात्री दोन वाजता शेजाऱ्याची बेल वाजवायला लाजू नका. ड्रायव्हरसाहेब आमची झोप मोडायला लाजले होते, हे वहिनींनी मला नंतर सांगितलं. माझी गाडी तेव्हा खालीच उभी होती.

उद्या ही ठिगळं खरोखर तयार होतील. आपल्या नातवंडांना कदाचित नांदेडमध्येच मिळतील, कदाचित आपल्या रेशमाचीही असतील. तेव्हा त्यांनी जरूर घ्यावीत. मी विज्ञानाच्या विरुद्ध बोलायला उभा राहिलेलो नाही. सेंट्रिंग पुरतं होईपर्यंत थांबा, एवढंच सांगतो आहे.

आणि एक विनंती. कोणाच्याही हातात असं रंगीत पत्रक आलं, तर एफडी मोडण्याआधी माझ्याकडे या. संध्याकाळी सहा ते सात मी खाली लिंबाच्या बाकावर असतो. मोबाइलवर ती नोंदवही उघडून आपण दोघं मिळून नंबर शोधू. सापडला तर चांगलंच आहे. नाही सापडला तर चहा पिऊन वर जाऊ. त्या दिवशी बँकेत मला हे करता आलं असतं, अर्ध्या तासाचं काम होतं.

वहिनी पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी हे सांगू दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानतो आणि माझं बोलणं संपवतो.